जेलरच्या गाण्यातली रिकामी जागा

आमच्या नाटकात जेलर कैद्याच्या कोठडीत गुणगुणत येतो, त्या प्रवेशाला मला हसरी चाल हवी होती. मेली सुचेना. शेवटी घरचीच उचलली. लहानपणी बाबा ती गुणगुणत मला उठवायचे. मध्येच थांबायचे, जीभ टाळूला लावून 'टॉक्' करायचे आणि मला वर उडवायचे. 'टॉक्' मी गाळला, थांबणं ठेवलं. बाबांना काही सांगितलं नव्हतं. पहिल्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसवून चकित करणार होते.

रंगीत तालमीला मावशी आली. नात्यातली नव्हे, नाटकातले सगळेच तिला मावशी म्हणायचे. आमचं संगीत नाटक त्या काळ्या वर्षांवरचं, जेव्हा सरकारविरुद्ध ब्र काढला की माणूस घरातून उचलला जायचा. मावशीलाही उचललं होतं. कैदी कसा बसतो, डोळ्यांवर पट्टी कशी बांधतात, हे ती नटांना शिकवायची, स्वेटर विणायला शिकवावं इतक्या शांतपणे.

जेलरचं गाणं ऐकून ती पुढे आली. "ही चाल कुठून आणलीस?"

"सुचली."

"मग एक आवाज राहिलाय बघ. इथे तो थांबायचा." तिने टाळूला जीभ लावली. "टॉक्. मग काठी."

"चेहरा पाहिलास त्याचा?"

"पट्टी होती गं डोळ्यांवर. चेहरा कुठला बघतेय? आवाज तेवढा उरलाय."

मला चक्क राग आला, मावशीचा. चाल काय, कुणीही गुणगुणतं! बाबा पाणीपुरवठ्यात कारकून होते. निदान तसं सांगायचे. त्या ऑफिसातलं एकही माणूस कधी आमच्याकडे चहाला आलं नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

"ताई, ती जागा ड्रमने भरून टाकू का?" ड्रमवाल्याने विचारलं. "फारच रिकामी वाटते."

हो म्हटलं असतं तर झाकली मूठ झाकलीच राहिली असती. पण मग जन्मभर मी बाबांच्या तोंडाकडे बघत बसले असते. "राहू दे," मी म्हणाले. "उलट थोडी लांबवू." बाबा गप्प बसले, तर ते सुटले आणि मीही.

प्रयोगाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. आधी माझं कॉलरचं बटण लावून दिलं. "घाबरू नकोस बाळा, सगळी आपलीच माणसं आहेत." मावशी नेमकी त्यांच्या मागच्या रांगेत बसली. मी तिला तिथे बसवलं नव्हतं, उठवलंही नाही.

गाणं सुरू झालं. मी प्रेक्षकांकडे पाठ करून वादकांपुढे उभी. मागून बाबा शेजाऱ्याला कौतुकाने म्हणाले, "अरेच्चा, ही तर आमच्या घरची!" बाबा, गप्प राहा, मी मनात म्हटलं. आयुष्यभर राहिलात, आता एवढंच.

ती जागा आली. मी हात वर धरला. सगळे वादक थांबले. सभागृहात कुणी खोकलंही नाही.

"टॉक्."

मला उडवायचे तेव्हाचाच. तितकाच खुशीतला.

मागे एक खुर्ची करकरली. हात खाली आणला असता तर गाणं पुढे सरकलं असतं आणि सगळं त्यात बुडून गेलं असतं. ड्रमवाला डोळ्यांनी विचारत होता, वाजवू का? माझा हात दुखायला लागला.

"कोण आहे तो?" मावशीचा आवाज आला. भांडल्यासारखा नाही, अंधारात चाचपडल्यासारखा.

मी हात तसाच ठेवून वळले.

"माझे बाबा आहेत, मावशी."