मागची जागा

कुशनवाल्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत शिरून सरळ आडवे झाले.

डॉक्टरीणबाई चपापल्या. "यांना बरं वाटत नाहीये का?"

"ठणठणीत आहेत," मेहुणा म्हणाला. "भाऊजी गाडी अशीच बघतात. इंजिन नंतर."

डॉक्टरीणबाई जनावरांच्या. आडवाटेच्या गोठ्यांपर्यंत जाता यावं म्हणून त्यांनी ही थोराड, चारही चाकांनी ओढणारी गाडी घेतली होती. आता गुडघे ऐकेनात, म्हणून विकायला काढली होती.

कुशनवाल्यांचा सगळा जन्म लोकांच्या गाड्यांच्या सीटा शिवण्यात गेला. स्वतःची गाडी कधी झाली नाही. दुकान मुलाच्या हवाली केलं की एक मोठी गाडी घ्यायची, वाटेल तिकडे जायचं आणि रात्री मागेच पथारी टाकायची, असं नवराबायकोचं ठरलं होतं. दुकान दिलं आणि त्याच वर्षी बायको गेली. त्यांनी गाड्या बघणं काही सोडलं नाही. पण एक गाडी रुंदीला कमी, तर दुसरीत मधे उंचवटा, असं म्हणत चांगल्या चांगल्या गाड्यांना नाक मुरडलं. मेहुणा तिचाच धाकटा भाऊ. सुट्ट्या खर्चून बरोबर हिंडत होता. "एवढी नकारघंटा मुली बघताना वाजवली असती, तर लोकांनी उभं केलं नसतं," असं एकदा म्हणालाही होता.

आत कुशनवाले डाव्या अंगाला, कडेला सरकून झोपले होते. उजवा हात पसरला, तो थंड पत्र्याला लागला.

"हे काय आहे?"

"गॅसची टाकी," बाई म्हणाल्या. "नुसत्या पेट्रोलवर हिचं पोट भरेना. मग गॅसवर करून घेतली. आधी पेट्रोलवर चालू करायची, तापली की आपली आपण गॅसवर जाते. चढावर जरा कुरकुरते."

"कुरकुरू दे. त्याची सवय आहे," कुशनवाले आतून म्हणाले.

मेहुण्याला हसू आलं, पण टाकी बघून ते विरलं. टाकीनं निम्मी जागा खाल्ली होती. तो दारात वाकला आणि हळूच म्हणाला, "चला भाऊजी. दुसरी बघू. इथं दोघं मावत नाहीत."

इतके दिवस कुणीच हे तोंडाने बोललं नव्हतं. कुशनवाल्यांनी पसरलेला हात टाकीवरून काढून पोटावर घेतला. बाईंना वाटलं, यांना झोप लागली.

"अरे, दुसरं आहे कोण?" ते म्हणाले. "तू घोरतोस. तुला मी नेणार नाही."

मग उठून बसले आणि चावी मागितली.

गाडी मुकाट चालू झाली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर एक बारीकसा ठोका ऐकू आला आणि ती गॅसवर गेली. चढावर खरंच कुरकुरली. कुशनवाल्यांनी गिअर खाली घेतला, तिला तिच्या चालीनं चढू दिलं. परत आल्यावर म्हणाले, "घेतली."

"इंजिन?" मेहुण्याने विचारलं.

"ते तू बघ. तुला बघायचंच आहे ना केव्हापासून?"

त्या आठवड्यात ते जुन्या दुकानात जाऊन बसले. मुलाला म्हणाले, तू तुझं काम कर. फोम एका माणसापुरता कापला, गादी शिवली. उरलेल्या कापडातून टाकीला खोळ केली, गॅसचे व्हॉल्व्ह झाकले जाणार नाहीत अशी. पत्रा पाठीला गार लागू नये, एवढंच. कडेची गोट आजवर बायको लावायची. या वेळी त्यांनीच लावली. एका कोपऱ्यात ती थोडी वाकडी गेली.

मुलगा म्हणाला, "उसवून देऊ का, बाबा?"

"राहू दे," ते म्हणाले आणि दातांनी दोरा तोडला.