भाऊबंदांच्या टेबलावरचा माईक

मी माईक बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलत आलो, आज जरा माझं ऐका.

एका मोठ्या साम्राज्यातून सुटलेल्या देशांची ही संघटना. साम्राज्य गेलं, पण बैठका अजून त्याच जुन्या राजवाड्यात भरतात. कारखान्यातून आलो तसं मला लांबलचक टेबलाच्या पार शेवटी बसवलं, सगळ्यात लहान बेटापुढे. वरच्या टोकाला, पूर्वी राज्य करणाऱ्या देशाचे पुढारी. त्यांना सगळे दादा म्हणतात. दादांचं भाषण दरवर्षी एकाच शब्दाने सुरू व्हायचं, "भाऊबंदांनो..." मग जेवण, मग फोटो.

बेटाच्या मंत्रीणबाई मायाळू. बोलण्याआधी मला पदराने पुसायच्या. त्यांचं बेट समुद्र गिळत चालला होता. एका बैठकीत त्यांनी माझं बटण दाबलं.

"दादा, शाळेत पाणी शिरलंय. विहिरी खारट झाल्यात. भाऊबंद म्हणता ना आम्हाला, मग घरात घ्या. तुमचा उत्तरेचा किनारा ओसाड पडलाय, तिथे राहू."

दादा हसले. "अहो बाई, ते प्रेमाने म्हणायचं असतं. तुम्ही तर वाटणीच मागायला लागलात."

सगळं टेबल खो खो हसलं. ज्यांची स्वतःची घरं बुडायच्या वाटेवर होती, तेही हसले. मला त्यांची कीव आली आणि चीडही.

"वाटणी नको हो," बाई म्हणाल्या, "नुसता आसरा..." तेवढ्यात दादांनी आपल्याकडचं बटण दाबून मला बंद केलं. बाईंना कळलंच नाही. त्या बोलत राहिल्या, पोरांची, म्हाताऱ्यांची नावं घेत राहिल्या. ती मी एकट्यानेच ऐकली.

बेट बुडालं. माणसं मिळेल त्या देशाच्या छावण्यांत पांगली. यंदाच्या बैठकीत दादांनी डोळे पुसले. म्हणाले, "आपलं धाकटं भावंड गेलं." सगळे उभे राहिले. बाईंनाही आमंत्रण होतं, पण त्यांना विमानतळावरूनच परत पाठवलं. त्यांचा देशच उरला नाही, म्हणून पासपोर्ट चालला नाही.

आता मी रिकाम्या खुर्चीपुढे धूळ खात बसलोय. मला भंगारात घाला, माझी तक्रार नाही. फक्त दुसऱ्या कुणापुढे ठेवणार असाल, तर माझं बटण त्याच्याच हातात द्या.