एकच फळी

मोहियोद्दीन मिस्त्रीने गाडीखालून हातोडी मारली, तसा गंजाचा सडा पडला.

"माणिकप्पा, तळ न्हाई हा, पापड हाय," तो खालूनच बोलला. "तळ, निजायच्या दोन फळ्या, वरचा पत्रा, पंचवीस हजार. फोर-व्हीलचं सामान हैदराबादहून आणावं लागंल, त्याचे चाळीस अलग. ते राहू द्या की. लातूरच्या डांबरावर काय कामाचं?"

"ते आधी कर, भाई."

मिस्त्री बाहेर येऊन हात पुसत राहिला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पाऊस लागला, काळ्या रानाचा लगदा झाला आणि मदतीच्या गाड्या शिवेवरच फसल्या. डॉक्टरांची ही एक गाडी तेवढी चारी चाकांनी चिखल ओढत गावात आली. दोन वर्षांच्या दीपमालेला पोटाशी धरून माणिकप्पा हिच्यातच बसला. बायको दगडांखाली राहिली. पुढे गाडी लिलावात निघाली, ती त्याने घेतली. पंधरा वर्षं बापलेक शेतात हिच्यातच निजले. सरकारी घर मिळालं, त्यात ज्वारी निजली.

आता दीपमाला बारावीच्या क्लासला लातुरात होती. हॉस्टेलची खोली तिसऱ्या मजल्यावर. वरती स्लॅब. नुसत्या आठवणीने माणिकप्पाचे तळपाय गार पडत. हॉस्टेल सोडायचं, ते पैसे गाडीत घालायचे, गाडी क्लासच्या गल्लीत लावून दोघांनी तिच्यात राहायचं, असं त्याने ठरवलं होतं.

क्लास सुटल्यावर दीपमाला गॅरेजवर आली. सगळं ऐकून घेतलं.

"अप्पा, मी न्हाई येणार हिच्यात."

"का गं माय? लाज वाटती?"

"थोडी. पोरी म्हणतेत, तुझे अप्पा गोगलगाय हायेत, घर पाठीवर."

मिस्त्री हसला. माणिकप्पा नाही.

"वर भेव वाटत न्हाई तुला?"

"वाटतं की. ट्रक गेला की खिडकी वाजती. मग बाजूची पोरगी घोरती, ते ऐकत पडते. कवा डोळा लागतो, कळत न्हाई." तिने गाडीच्या दारावर हात ठेवला. "हिच्यात न्हाई लागायचा, अप्पा. तुम्ही जागे असता. मला कळत आल्यापासून तुमचं जागणं ऐकत आले मी."

माणिकप्पाने दाराच्या कडेचा गंज नखाने खरवडला. बराच वेळ खरवडला.

"भाई, तळ तेवढा कर. फोर-व्हील राहू दे."

"अन् फळ्या?"

"एकच टाक."

दिवेलागणीला तो तिला हॉस्टेलवर पोचवायला गेला. जिन्यापुढे बाप्यामाणसांना सोडत नसत. ती चढू लागली. पहिल्या मजल्यावर चपला वाजल्या, दुसऱ्यावर वाजल्या, मग ऐकू येईनात.

माणिकप्पाने हॉस्टेलच्या भिंतीवर तळहात टेकवला, गाभण गाईच्या कुशीवर टेकवावा तसा, आत काही हलतंय का ते पाहायला, आणि श्वास धरून उभा राहिला.