मशीनवरची जागा

जाऊबाईनं थोरल्याचे कपडे भिजवले की बादलीतलं पाणी पांढरंफटक व्हायचं, आणि ते बघून धाकटीच्या पोटात दुखायचं. तिच्या नवऱ्याच्या कपड्यांतून निघायची ती नुसती माती.

दोघे सख्खे भाऊ, दगड कापायच्या एकाच कारखान्यात कामाला. थोरला आत कटर मशीनवर, धाकटा बाहेर ट्रकमधून दगड उतरवायला. मशीनवरच्या माणसाला सगळे 'कारागीर' म्हणत. बाहेरच्याला 'अरे ए'. घरी दोन्ही खोल्यांच्या मध्ये एकच भिंत. पलीकडे जाऊबाईचा ओटा काळ्या चकचकीत दगडाचा, थोरल्यानं तुटक्या लादीचा तुकडा आणून बसवलेला. अलीकडे धाकटी फळकुटावर भाजी चिरायची आणि भिंतीकडे बघत सुरी जरा जोरातच आपटायची.

"तुमच्या भावानं मुकादमाकडे शब्द टाकला असता तर तुम्हीही आत असता."

"टाकला असेल की," नवरा म्हणाला.

"टाकलाय तर! 'धाकट्याचा हात जड आहे, त्याला मशीन देऊ नका,' असा. मुकादमाच्या बायकोनं सांगितलं मला. सख्खा भाऊ तुमचा!"

त्या रात्री नवरा जेवणावरून अर्धपोटी उठला, आणि धाकटीला आपला बाण लागल्याचं समाधान वाटलं.

पुढे थोरल्याला खोकला लागला. भिंतीपलीकडून तो कोरडा, खरवडल्यासारखा आवाज यायचा. मग जिना चढताना तो मध्येच थांबू लागला. जाऊबाई त्याला पायरीवर बसवून पाठीवरून हात फिरवायची. धाकटीला त्याचाही हेवा वाटे. "चोचले नुसते," ती पुटपुटायची.

एक दिवस मुकादमानं थोरल्याला सांगितलं, "तुला क्षय झालाय. घरी बस." मशीनवरची जागा मोकळी झाली, ती धाकट्याला मिळाली.

निरोप आला तेव्हा थोरल्यानं भावाचं मनगट घट्ट धरलं. "नको जाऊस," एवढंच तो म्हणाला आणि पुढचं खोकल्यात बुडून गेलं.

दारातून धाकटी ताडकन बोलली, "भाऊजी, आता तरी आमचं बरं होऊ द्या!"

नवरा कामावर गेला. संध्याकाळी त्याचे कपडे धुताना पाणी पांढरं झालं, आणि धाकटीनं ते दोरीवर अगदी पुढे वाळत घातले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे.

काही आठवड्यांनी थोरल्याला दवाखान्यात न्यायची वेळ आली. एकटीला तो सावरेना, म्हणून जाऊबाईनं धाकटीला सोबत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडावर धरला. फुफ्फुसभर पांढरे ठिपके होते.

"हा क्षय नाही. ही दगडाची धूळ आहे. श्वासाबरोबर आत गेली आणि तिथंच बसली."

"मग औषध द्या ना," धाकटी म्हणाली.

"त्रास कमी करायला देते. पण धूळ बाहेर काढणारं औषध नाही. दगड त्यावर पाणी सोडत कापला असता तर एवढी उडालीच नसती. यांनी कोरडा कापलाय, वर्षानुवर्षं."

थोरल्याला आत ऑक्सिजन लावला. बाहेर बाकावर धाकटीनं घाबरत विचारलं, "जाऊबाई, तुम्हाला माहीत होतं?"

"ह्यांच्याआधी त्या मशीनवर होता तो असाच खोकून गेला. त्याच्याआधीचाही. ह्यांना सगळं कळत होतं. पण काम सोडून खायचं काय? म्हणून स्वतः राहिले, आणि तुझ्या नवऱ्याचा हात जड आहे असं सांगून त्याला बाहेर ठेवला."

"मला का नाही सांगितलंत?"

"ह्यांनी मला शपथ घातली होती. 'धाकट्याला कळलं तर तो मला मशीनवरून ओढून काढेल, स्वतःही काम सोडेल आणि दोन्ही चुली बंद पडतील,' म्हणायचे. शेवटी 'नको जाऊस' म्हणाले, तेव्हा तू ऐकू दिलंस कुठं?"

धाकटी उठली ती तडक कारखान्यात गेली. शेडमध्ये धुक्यासारखी धूळ भरली होती. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरी झालेली. आपला नवरा कोणता, हे तिला ओळखता येईना. तिनं हाक मारली तेव्हा त्यातल्या एकानं मान वर केली.

"चला घरी."

"वेड लागलं का? तूच तर माझ्या पाठी लागली होतीस! आता कुठं लोक मला कारागीर म्हणायला लागलेत."

"मी जळत होते हो!" ती सगळ्यांसमोर ओरडली. "तुमच्या भावावर जळत होते. त्यांनी तुम्हाला जपलं, आणि मी जळून जळून तुम्हाला इथं आणून उभं केलं!" डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते तिनं धापा टाकत सांगितलं.

त्यानं मशीन बंद केलं. मुकादम धावत आला. कोपऱ्यात पाण्याची नळी गुंडाळून पडली होती. धाकटीनं तिच्याकडे बोट दाखवलं. "ती जोडा. मग हे कापतील."

"पाण्यानं चिखल होतो, काम रेंगाळतं. जमत नसेल तर जा. बाहेर माणसं ताटकळत उभी आहेत."

नवरा तिच्याबरोबर बाहेर पडला. त्यांच्यामागं कोणी आलं नाही. आणखी एकानं आपलं मशीन बंद केलं होतं. मुकादमानं बघताच त्यानं ते पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी जावा फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्या धुळीचं सांगत होत्या. काही ऐकत, बरेच जण मान खाली घालून पुढं जात. रिकाम्या जागेवर घेतलेला नवा माणूस आला, तरणाबांड, सोबत त्याची बायको. धाकटी त्यांना आडवी झाली.

"आमचं बरं बघवत नाही वाटतं तुम्हाला?" ती पोरगी फणकारली. "तुमच्या हातची जागा गेली म्हणून आमच्या पोटावर उठलात!"

धाकटीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती धगधग तिच्या चांगल्या ओळखीची होती. राग आलाच नाही. तिनं पोरीचा हात धरला.

"मला हव्या तेवढ्या शिव्या दे, बाई. पण आधी माझ्याबरोबर दवाखान्यात चल. माझे भाऊजी श्वास कसा घेतात, तेवढं बघ. त्यानंतरही नवऱ्याला आत धाडावंसं वाटलं, तर मी वाट सोडीन."

पोरगी हात सोडवून घ्यायला लागली. मग तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. आत मशीन घरघरायला लागलं होतं.

"थांबा जरा," ती त्याला म्हणाली. "मी येईपर्यंत आत जाऊ नका."