डावीकडचं तिसरं चाक

मी रणगाडा बोलतोय. लगेच दचकून मागे सरकू नका. माझी लांबी जेमतेम वीतभर, अंग प्लास्टिकचं, आणि तोफेचं म्हणाल तर तिच्या तोंडात एकदा एक मुंगी शिरली होती, तीसुद्धा पुढे वाट नाही म्हणून परत फिरली. यापलीकडे माझ्या नावावर लढाई नाही.

एका मोठ्या युद्धात खराखुरा धावलेला रणगाडा होता, त्याची मी हुबेहूब प्रतिकृती. त्याचे पस्तीस भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी माझी लांबी. हे 'हुबेहूब' मी म्हणत नाही, माझ्या खोक्यावर छापलंय. खोक्यावर काय, काहीही छापतात. चित्रात माझ्यामागे ज्वाळा उसळताहेत आणि मी चिखल उडवत निघालोय. आत मात्र मी जाळीसारख्या चौकटींना चिकटलेला, दोनशे चौदा तुकड्यांत. बाकीचे रणगाडे तुकडे होऊन संपतात, माझी सुरुवातच तुकड्यांपासून झाली.

आमच्या कारखान्यात माझा थोरला भाऊही बनायचा, म्हणजे याच रणगाड्याचा आधीचा नमुना. आमच्यात फरक फारसा नाही. त्याची चाकं आऱ्यांची, मधे फटी असलेली. माझी भरीव, ताटलीसारखी. एका बाजूला सहा, अशी बारा. खोकी भरायच्या टेबलावर दोघांचे ढीग शेजारी शेजारी असायचे. माझं खोकं भरताना सुट्टीचा भोंगा झाला, खोकी भरणाऱ्या बाईंची बस चुकत होती, आणि घाईघाईत माझ्या पिशवीत सहा चाकं माझी आणि सहा थोरल्याची गेली. मला कळलं होतं. पण बोलणार कुणाला? झाकण लागलं होतं.

पुढची दोन वर्षं मी दुकानाच्या फळीवर काढली. दुकानदाराला सगळे प्रोफेसर म्हणायचे. तो कुठल्याही कॉलेजात गेला नव्हता, पण कुठल्या रणगाड्याला कुठल्या महिन्यापासून किती बोल्ट लागले हे त्याला तोंडपाठ. गिऱ्हाइकंही तशीच. चांगले पिकल्या केसांचे, पोट सुटलेले गृहस्थ यायचे आणि एका कडीवरून तासभर हमरीतुमरीवर यायचे. घरातलं मीठ संपलंय हे बायकोने तीनदा सांगूनही यांच्या लक्षात राहत नाही, आणि साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचा दिवा डावीकडे होता की उजवीकडे, यावर मात्र शपथा.

त्यातच एक दिवस मिलिमीटर आला. तो नोकरीला होता त्या कारखान्यातलं हे त्याचं टोपणनाव. चौतीस वर्षं त्याने तयार माल तपासायचं काम केलं होतं. केसाएवढा फरक दिसला की माल परत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी मापं घ्यायचं व्हर्निअर शर्टाच्या खिशात असायचंच.

त्याने त्याच रणगाड्याची तीन कंपन्यांची खोकी काउंटरवर मांडायला लावली, स्वतःजवळचा खऱ्या रणगाड्याच्या मापांचा नकाशा उलगडला आणि मोजायला सुरुवात केली. पहिल्याचं वरचं फिरतं डोकं दोन मिलिमीटर रुंद निघालं. झालं, तो बाद. दुसऱ्याच्या कपाळाचा उतार जरा जास्त पडलेला. तोही बाद. मग माझी पाळी आली. त्याने माझी पाठ मोजली, पोट मोजलं, तोफ मोजली, पस्तिसाने गुणून नकाशाशी ताडून पाहिली. गुदगुल्या होत होत्या, पण मी जाम हललो नाही.

"हा बरोबर आहे," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला बरोबर म्हटलं होतं, आणि पोटात चुकीची चाकं घेऊन मी ते ऐकत होतो.

चाकांची पिशवी वेगळी, दुधी प्लास्टिकची, सीलबंद होती. तीही फोडा म्हणाला, तर प्रोफेसर चिडला. दीड तास झाला होता, बाकीची गिऱ्हाइकं खोळंबली होती. घरी जाऊन काय फोडायचं ते फोडा, असं त्याने सांगितलं. मिलिमीटरने पिशवी दोनदा उजेडात धरली, आणि चौतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. न तपासता माल घेतला.

घरात तिघंच. तो, त्याची बायको आणि त्याचे नव्वदीचे वडील. बायको शिवणकाम करायची, तिचं मशीन खिडकीपाशी. वडिलांची खुर्ची तिच्या समोर. त्यांच्या डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळायचं. त्यांना काहीही सांगितलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं: "असेल." आज गारवा आहे, बाबा. असेल. भाजीत मीठ जास्त झालंय का? असेल. एवढा कमी बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि मी दोन वर्षं खोक्यात काढली आहेत.

मला टेबलावर मांडलं तेव्हा बायकोने विचारलं की या वयात हे काय खूळ. मिलिमीटर आधी उडवाउडवी करत राहिला. मग वडील आत झोपलेत याची खात्री करून हळू आवाजात म्हणाला, "बाबा अशाच गाडीवर मेकॅनिक होते. युद्धात. मी लहान असताना खूप सांगायचे. एकदा पाहुणे आले होते, बाबा रंगात येऊन काहीतरी सांगत होते, आणि मी पुस्तक आणून सगळ्यांसमोर म्हटलं, हे खोटं आहे, पुस्तकात असं नाही. सगळे हसले. त्यानंतर युद्धाचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही. बावन्न वर्षं झाली."

"कशाबद्दल सांगत होते?"

"तेच तर आठवत नाही. कुठलातरी सुटा भाग. डॉक्टर म्हणतात आता फार दिवस नाहीत. त्यांना चाचपता येईल असा, एकदम बरोबर रणगाडा हातात द्यायचा आहे. म्हणजे त्यांना कळेल."

 बायकोने सुई दातात धरली आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमची माफी मागायची तऱ्हा म्हणजे कमाल आहे. तोंडाने म्हणा की." तो म्हणाला, तोंडाने काय, कुणीही म्हणतं.

असा हा माणूस. शब्द सैल असतात म्हणून त्याला मिलिमीटरमध्ये माफी मागायची होती.

दुसऱ्या दिवशी त्याने चाकांची पिशवी फोडली आणि गार पडला. सहा भरीव, सहा आऱ्यांची. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं, पण माझं तोंडही तेव्हा चौकटीला चिकटलेलं होतं. त्याने कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं, आकृती काढून. आऱ्यांची चाकं कागदात गुंडाळली, वर 'चुकीची' असं लिहिलं आणि टेबलाच्या कडेला सारली. बायको म्हणाली की सहांचा एवढा काय बाऊ, बाबांना दिसणार आहे थोडंच. "म्हणूनच," तो म्हणाला. "ते हाताने बघतात. हाताला सगळं कळतं."

हे मात्र त्याचं बरोबर निघालं.

कंपनीचं उत्तर येईपर्यंत त्याने माझं धड जोडलं. खरं सांगतो, छान जोडलं. सांधे असे बसवले की बोट फिरवलं तरी लागणार नाहीत. मग एका दुपारी तो डिंक संपला म्हणून प्रोफेसरकडे गेला. बायको मशीनवर होती. वडील उठले, डिंकाच्या वासाच्या दिशेने टेबलापाशी आले आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांचा हात माझ्यावर पडला तेव्हा मी घाबरलो. मोठा, खरखरीत हात, एका बोटाचं नख कायमचं काळं. पण तो हात इतक्या सावकाश फिरला की मला वाटलं, हे मला आधीपासून ओळखतात. कपाळाचा उतार, पाठीमागची जाळी, आणि मग खाली चाकांच्या जागा. बोटं तिथे थांबली. त्यांनी टेबल चाचपलं, कागदाची पुडी लागली. त्यावर काय लिहिलंय हे त्यांना दिसणार नव्हतं. त्यांनी पुडी उलगडली, एक चाक उचललं आणि आऱ्यांमधल्या फटी नखाने मोजल्या. मग दुसऱ्या हाताने माझी डावी बाजू शोधली. एक, दोन, तीन. तिसऱ्या जागेवर त्यांनी ते चाक टेकवून धरलं, आणि तसेच बसून राहिले.

मशीन थांबलं होतं. बायको बघत होती.

तेवढ्यात दार वाजलं. मुलाची पावलं ऐकून म्हाताऱ्याने चटकन ते चाक पुडीत टाकलं. "ठेवलं, ठेवलं," ते म्हणाले. "तुझं काही बिघडवलं नाही."

नव्वद वर्षांचा माणूस असा बोलला. माझं प्लास्टिकचं काळीज, तरी मला वाईट वाटलं.

बायकोने मिलिमीटरला सरळ सांगितलं, "आऱ्यांचं चाक लावून बघत होते. डावीकडे, तिसरं."

तो डिंकाची बाटली हातात धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर बावन्न वर्षांपूर्वीची ती पाहुण्यांची खोली हळूहळू येताना मी पाहिली. पुस्तक, बोट, हसणारी माणसं. मग तो वडिलांच्या शेजारी बसला.

"बाबा, हेच होतं ना? मी ज्याला खोटं म्हणालो ते?"

"असेल."

"असेल नाही. मी चुकलो होतो. तेव्हाच विचारायला हवं होतं. आता सांगा."

 म्हाताऱ्याने पुडीतून ते चाक परत काढलं आणि बोटांत फिरवत सांगितलं. डावीकडचं तिसरं चाक फुटलं होतं. नवं मिळेना. रस्त्याकडेला जुन्या नमुन्याचा एक जळका रणगाडा उभा होता, त्याचं चाक काढलं. भोक किंचित लहान होतं, म्हणून अर्धा दिवस कानस मारली. बसलं. आतले लोक हसले, म्हणाले, याने गाडीला दुसऱ्याचा बूट घातला.

"चौघं होते आत," ते म्हणाले. "चौघंही परत आले. लढाईत मी एवढं एकच काम केलं, बाळा, आणि ते चांगलं झालं होतं."

"मग?" मुलाने विचारलं.

हा 'मग' त्या घरात बावन्न वर्षं उशिरा आला होता. म्हातारा हसला. मग आणखी सांगितलं, मग आणखी. माझं काम त्या दिवशी तसूभर पुढे सरकलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डिंक बाटलीत सुकत चालला, आणि केसाएवढ्या फरकावर माल परत करणारा तो माणूस हनुवटीला हात लावून ऐकत बसला.

कंपनीकडून सहा भरीव चाकं आली, सोबत माफीचं पत्र. मिलिमीटरने अकरा जागी भरीव बसवली. बाराव्या जागी, म्हणजे डावीकडच्या तिसऱ्या जागी, आऱ्यांचं. त्याच्या मधलं भोक जरा घट्ट होतं. त्याने वडिलांच्या हातात बारीक कानस दिली, स्वतः चाक धरलं, आणि दोघांनी मिळून ते बसवलं. जरासं वाकडं बसलंय. त्याला दिसतं, पण त्याने ते तसंच राहू दिलं.

आज प्रोफेसर मला बघायला आला आहे. येताना जाडजूड पुस्तक घेऊन आलाय, त्याशिवाय त्याला चैन कुठली. त्याने मला सगळीकडून पाहिलं, सांध्यांची तारीफ केली, आणि मग त्याची नजर तिथे गेली.

"अरेरे. एवढं नाजूक काम, आणि हे चाक चुकलं की हो," तो म्हणाला आणि पुस्तक उघडून फोटो पुढे केला. "बघा. असं कुठेच नाही."

 खुर्चीतल्या आजोबांचे हात मांडीवर गोळा झाले. बायकोने मशीन थांबवलं.

मिलिमीटरने फोटो नीट पाहिला. मग पुस्तक मिटून प्रोफेसरच्या हातात परत दिलं.

"ते एकच चाक बरोबर आहे," तो म्हणाला. "बाकी अकरांची खात्री मी देत नाही. ती बाबांनी बसवलेली नव्हती."

प्रोफेसरने मिलिमीटरकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. त्याला समजायला जरा वेळ लागला, पण समजलं. त्याने पुस्तक जमिनीवर ठेवलं, स्टूल पुढे ओढलं आणि एकदम शाळकरी पोरासारखं विचारलं, "काका, तुम्ही स्वतः? सांगा ना, कसं बसवलंत?"

तेव्हा मंडळी, मला आता रजा द्या. माझ्याबद्दल मला ठाऊक होतं ते सगळं मी सांगितलं: कारखाना, खोकं, फळी, टेबल. खरी हकिगत पुढच्या खुर्चीत आहे, आणि आजोबांनी घसा खाकरलाय. विनंती एवढीच, की त्यांचं बोलणं संपेपर्यंत कुणी पुस्तक उघडू नका. मलाही ऐकायचंय, मी कुठेकुठे जाऊन आलो ते.