टाकीचं झाकण

देव माणसाला बुद्धी देतो, पण ती कुठं वापरायची हे त्याचं त्याच्यावर सोडून देतो. सगळा घोळ होतो तो तिथंच.

जयंतला देवानं बुद्धीही दिली होती आणि कानही. नुसता आवाज ऐकून इंजिनाच्या पोटात कुठं दुखतंय ते तो सांगायचा. एका सरकारी खात्यात गाड्या तपासायच्या हुद्द्यावर होता, दिल्लीत आर. के. पुरमला क्वार्टर होतं, आणि कर्जं मिळणं सोपं झालं तशी त्यानं दारात नवी मोटार आणून उभी केली. मग जुनी मोटरसायकल त्यानं धाकट्या बहिणीच्या, अहिल्येच्या नवऱ्याला दिली.

दिलीपला ती अगदी वेळेवर मिळाली. फरीदाबादला तो ज्या कारखान्यात कामाला होता तो बंद पडून बरेच महिने झाले होते. नोएडात पेजर विकणारी एक नवी कंपनी आली, तिनं त्याला घेतलं, पण स्वतःची दुचाकी हवी या अटीवर. आणि दिवाळीपर्यंत काम बघू, मगच कायम करू, असंही साहेबानं बजावलं. इकडं अहिल्येला दिवस गेलेले. त्या घरातले सगळे नवस त्या एका शब्दाशी, ‘कायम’शी, बांधलेले होते.

दसऱ्याला अहिल्येनं गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, आणि कुंकू कुठं लावावं म्हणून बघू लागली. दिव्याच्या काचेवर लावलं तर उजेड अडेल, सीटवर लावलं तर ह्यांचे कपडे खराब होतील. तिला वाटलं, टाकीचं हे गोल झाकण म्हणजेच गाडीचं कपाळ. वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून तिनं कुंकू तुपात कालवलं आणि झाकणावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर चार अक्षता चिकटवल्या. पोरीचा भाव इतका निर्मळ की बघणाऱ्यानं हात जोडावेत.

त्या आठवड्यात गाडी कालिंदी कुंजच्या पुलावर बंद पडली.

रविवारी दिलीप ती आर. के. पुरमला घेऊन आला, अहिल्येला मागं बसवून. वाटेत दोनदा थांबावं लागलं. क्वार्टरखाली कडुलिंबाच्या सावलीत जयंतनं गाडी लावून घेतली आणि विचारपूस सुरू केली. बंद कशी पडते, झटका देऊन की हळूहळू? दिलीप म्हणाला, हळूहळू, दमल्यासारखी. आणि थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालते, जणू काही झालंच नाही.

जयंतच्या डोक्यात तेव्हाच दिवा लागला. त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. आतून ‘फुस्स’ असा आवाज झाला, दाबून धरलेला श्वास सुटावा तसा. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्या भोकातून हवा आत यावी लागते. भोक बुजलं की टाकी पेट्रोल धरून बसते आणि इंजिन तहानेनं मरतं. जयंतनं झाकण उलटं केलं, सुलटं केलं. भोकावर तुपातलं कुंकू मेणासारखं घट्ट बसलं होतं. टाचणीचं काम होतं, दुसरं काही नाही.

तो स्वतःशीच हसला. वर खिडकीत त्याची बायको प्रभा आणि अहिल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सांगावं आणि सगळ्यांनी मिळून हसावं, असंच आधी त्याच्या मनात आलं. तेवढ्यात दिलीप पाना पुसता पुसता गुणगुणू लागला. आणि जयंतनं झाकण होतं तसं बसवून टाकलं.

आता त्या गुणगुणण्याचं कारण सांगायला हवं. मराठी मंडळात दरवर्षी ज्ञानोबाबुवांचं कीर्तन व्हायचं, आणि बुवांच्या मागं उभं राहून साथीचा सूर धरायचा मान कितीतरी वर्षं जयंतचा होता. दिलीप या घरात आला आणि दोन वर्षांपूर्वी सहज मागं उभा राहिला. बुवांनी मान वळवून बघितलं, एवढंच. पुढच्या वर्षी निरोप आला तो दिलीपरावांना. मान गेला की माणूस रडत नाही, हसून ‘छान झालं’ म्हणतो, आणि तो घास वर्षानुवर्षं घशात तसाच राहतो.

“कार्बोरेटर खोलावा लागेल, जावईबापू,” जयंत म्हणाला. “बाह्या सरसावा.”

दिलीपनं बाह्या सरसावल्या. त्या दिवशी कार्बोरेटर धुतला गेला. झाकण उघडून बंद केलं होतंच, हवा भरली होती, त्यामुळं गाडी सुटली ती फुरफुरत. दिलीपनं जाताना वाकून नमस्कार केला. जयंतला त्या नमस्काराची चव आवडली.

पुढच्या रविवारी प्लग. त्याच्या पुढच्या रविवारी कॉइल. दर वेळी जयंत आधी झाकण उघडायचा, फुस्स ऐकायचा, आणि मग निदान सुरू. दिलीपला काळ्या तेलात कोपरापर्यंत हात घालायला लावायचा, आणि वर शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, पेजर विकता येतो पण पाना धरता येत नाही, असं कसं हो? शेजारी हसायचे. दिलीपही हसायचा. दादांनी आपल्यासाठी रविवार मोडला, याचंच त्याला ओझं.

आणि मौज अशी, की गाडी जितकी बंद पडे तितकी अहिल्येची भक्ती वाढे. दर मंगळवारी ती झाकणावर नवं बोट ओढायची. तिसऱ्या रविवारपर्यंत तिथं कुंकवाची पुरणपोळीच झाली होती. ते बघून जयंतला इतकं हसू आलं, की तो खोकल्याचं निमित्त करून बाजूला गेला. बहीण स्वतःच्या हातानं नवऱ्याचा गळा आवळते आहे आणि वर देवाला हात जोडते आहे, हे एकट्या त्याला ठाऊक होतं. कुणाचा तरी श्वास आपल्या मुठीत आहे, या भावनेची नशा भांगेपेक्षा वाईट.

नोएडात काय चाललं होतं तेही त्याला कळत होतं, कारण दिलीप सगळं सांगायचा. पुलावर गाडी ढकलत असताना कमरेला पेजर वाजत राहतो, साहेबाचा निरोप असतो, आणि मैलभर फोनचा बूथ नसतो. ग्राहक निघून जातात. साहेब म्हणाला होता, ‘सबके पास बाइक है भाई, सिर्फ तुम्हारी ही बीमार है?’ जयंत मान हलवून ऐकायचा. मग म्हणायचा, यार, पॉइंटमध्येच काहीतरी गडबड असणार, बघूया.

पण तो काही दैत्य नव्हता. दैत्य असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मंडळात कीर्तन होतं. त्याच्या थोडं आधी एका संध्याकाळी तो करोलबागेत गेला आणि नवं कोरं झाकण घेऊन आला. कपाटात ठेवलं. प्रभानं विचारलं, हे काय? तो म्हणाला, दिलीपच्या गाडीचं, कीर्तनानंतर देऊन टाकतो. खरोखर देणार होता. खमिसाच्या खिशात घालूनच तो मंडळात गेला.

कीर्तन सुरू झालं तरी दिलीपचा पत्ता नव्हता. बुवांनी दाराकडं बघितलं, मग जयंतला खूण केली. जयंत उभा राहिला. जुना सूर, जुनी जागा. छाती भरून आली. पूर्वरंगात बुवा निरूपण करत होते. “पाप करायला अंगमेहनत लागते असं कोणी सांगितलं तुम्हाला?” बुवांनी टाळी थांबवून विचारलं. “नुसतं गप्प बसूनही होतं. स्वस्तात होतं, म्हणून तर इतकं होतं.” सभा हसली. सगळ्यांत मोठ्यानं ‘वा बुवा’ म्हणाला तो जयंत.

तेवढ्यात दिलीप आला. आश्रम चौकापासून गाडी ढकलत आणली होती. सदरा पाठीला चिकटलेला, हात काळे. तो मागं चपलांपाशी बसत होता, पण बुवांच्या नजरेनं त्याला उचललंच. जयंत बाजूला सरकला. दिलीपला धाप लागली होती, पहिला सूर हलला, आणि मग असा लागला की बायकांच्या ओळीत पदर डोळ्यांना गेले. बुवा डोळे मिटून उभे राहिले.

जयंतनं खिशावरून हात फिरवला. झाकण तिथंच होतं. ते त्यानं तिथंच राहू दिलं.

मग आली भाऊबीज. जयंत आणि प्रभा मोटारीनं फरीदाबादला अहिल्येकडं गेले. दारात आकाशकंदील होता, पण खोलीत जरा जास्तच आवराआवर केलेली, माणसं काही लपवतात तेव्हा असते तशी. जयंतचं लक्ष नव्हतं. आज तो देणार होता, आणि तेही थाटात. पाटावर बसला, अहिल्या तबक घेऊन पुढं आली, तिनं अजून कुंकवात बोटही बुडवलं नव्हतं, तोच त्यानं खिशातून झाकण काढून निरांजनाशेजारी ठेवलं.

“ओवाळणी आधी घे,” तो म्हणाला. “तुमच्या गाडीचा रोग सापडला.”

प्रभा म्हणाली, अहो, आधी ओवाळू तरी द्या. पण तो रंगात आला होता. हवा, भोक, तूप, कुंकू. सगळं त्यानं कीर्तनकारासारखं हातवारे करून सांगितलं. “बाईसाहेबांनी भक्तीनं गाडीचा गळा दाबला. इंजिन बिचारं ठणठणीत.”

त्याला हशा अपेक्षित होता. कुणी हसलं नाही. दिलीपचा हात नकळत कमरेकडं गेला, जिथं पेजर असायचा. तिथं आता पेजर नव्हता. धनत्रयोदशीलाच साहेबानं तो काढून घेतला होता. भाऊबीज होईपर्यंत दादाला सांगायचं नाही असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं, ते दिलीपनं आता सांगून टाकलं. सांगताना तो जयंतकडं बघत नव्हता, बायकोकडं बघत होता.

“म्हणजे तू,” तो तिला म्हणाला. आवाज अगदी खालच्या पट्टीतला, जसा त्याचा कधीच नसायचा. “मी पुलावर उन्हात ढकलत होतो, आणि तू दर मंगळवारी... माझी नोकरी तू खाल्लीस, अहिल्या.”

अहिल्येनं तबक पाटाशेजारी टेकवलं. तिनं एकदा भावाकडं बघितलं, लहानपणी कुणी रागावलं की बघायची तशी. जयंतचा एक शब्द पुरला असता. मला पहिल्या रविवारीच कळलं होतं, एवढाच. प्रभाची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. कपाटातलं झाकण तिनं पाहिलं होतं. जयंतनं पाटावर मांडी बदलली.

“झालं गेलं,” तो म्हणाला. “मुद्दाम का केलंय तिनं? नोकऱ्या काय, नोएडात रोज नव्या कंपन्या उघडतायत.”

दिलीप उठला आणि जयंतच्या पायाशी वाकला. तुम्ही नसता तर कधीच कळलं नसतं, असं काहीसं पुटपुटला आणि बाहेर गेला. बाहेरून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

“दादा,” अहिल्या म्हणाली, “तुझे इतके रविवार मी वाया घालवले रे. रागावू नकोस.”

“छे. बहीण आहेस.”

प्रभा उठून स्वयंपाकघरात गेली. तिनं ताटातल्या फराळाला हात लावला नव्हता.

अहिल्येनं कुंकवात बोट बुडवलं. बोट त्याच्या कपाळापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. कुंकू किती लावावं, कुठं लावावं, हे जन्मभर केलेलं काम तिला एकाएकी कळेनासं झालं.

“लावू ना रे दादा?” तिनं विचारलं. “काही होणार नाही ना?”

“लाव की,” जयंत म्हणाला. “माणसाला काही होत नाही.”

तिनं तिळाएवढा ठिपका टेकवला, आणि बोट पदराला पुसून टाकलं.