नकाशावरचा नाला

मित्रांनो, मी नेरच्या बसस्टँडजवळची एक जुनी झेरॉक्स मशीन आहे आणि माझा कोणावरच विश्वास नाही. नागपूरच्या एका कचेरीत दहा वर्षे राबले, मग दुकानदार रवीने मला इथे आणले. तेव्हा माझे कोण कौतुक व्हायचे. आता धूळसुद्धा कोणी पुसत नाही. पण लेखकाच्या नावाचे पान बाजूला ठेवून आतलीच पाने प्रतीसाठी देणारा आला, की अजूनही माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

साधना पीएच.डी. करत होती. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या खेमसिंगबापूंचे पूर्वज बैलांवर मीठ लादून ज्या वाटेने जायचे, ती वाट तिने त्यांच्यासोबत हिंडून शोधली आणि तिचा नकाशा हाताने काढला. लेखाच्या आणि नकाशाच्या दोन प्रती तिने माझ्याकडून काढल्या, एक स्वतःजवळ ठेवली आणि दुसरी मार्गदर्शक सरांना वाचायला दिली. सर सोबतच होते. फार गोड बोलत होते, तिथेच मी ओळखायला हवे होते.

वर्षभराने साधना रडवेली होऊन आली. तिचा लेख एका संशोधन-पत्रिकेने अडवला होता, कारण तोच मजकूर सरांच्या नावाने आधीच छापून आला होता. संपादकांनी दोघांकडून खुलासा मागितला होता.

"मलेच चोर म्हणून राह्यले, रवीदादा. पीएच.डी. तं गेलीच आता."

सोबत आलेल्या बापूंनी सरांच्या छापील नकाशावर बोट ठेवले. "हा नाला कुठचा? तिथं तं नालाच नाही."

रवीने माझे झाकण उघडून आत कोरा कागद ठेवला आणि त्याची प्रत काढली. माझ्या काचेवर ओरखडा आहे, त्याची वाकडी रेघ प्रत्येक कागदावर उमटते. सरांनी ती वाट कधी पाहिलीच नव्हती. माझी रेघ नाला समजून त्यांनी निळ्या रंगात गिरवली होती.

साधनाने मूळ नकाशा, तिच्याजवळची प्रत आणि नुसती रेघ उमटलेला तो कागद संपादकांना पाठवला. चौकशी झाली, सरांचा लेख मागे घेतला गेला आणि साधनाचा छापून आला. मला खरेच आनंद झाला.

बापूंसाठी छापील लेखाची प्रत काढायला ती पेढे घेऊन आली, सोबत बापूही होते. बापूंनी सगळी पाने उलटून पाहिली.

"वाट मी दाखवली न पोरी? मंग माहं नाव कुठी हाय?"

साधनाची मान खाली गेली. नाव कुठेच नव्हते. तिने तिथेच बसून संपादकांना दुरुस्तीचे पत्र लिहिले.

मित्रांनो, सरांवर संशय घेता घेता मी साधनाची पाने नीट पाहिलीच नव्हती. दुसऱ्याकडून घ्याल त्याचे नाव सांगा, आणि संशय घ्यायचाच असेल, तर पहिला स्वतःवर घ्या.